गिलायूच्या अर्बुदांचे नामकरण : एक ऐतिहासिक विचार

घशाच्या दोन्ही बाजूंस, मृदू टाळूच्या कमानींच्या मध्ये, जे बदामाच्या आकाराचे मांसल उंचवटे दिसतात त्यांस मराठीच्या वैद्यकीय परिभाषेत 'गिलायू' असे म्हणतात. बोलीत हा शब्द कोणी वापरीत नाही. तेथे 'टॉन्सिल' हाच शब्द चालतो, आणि 'मुलाला टॉन्सिल झाले' या घरोघरी ऐकू येणाऱ्या वाक्यात तर अवयवाचे नाव रोगाचे नाव होऊन बसते. परिभाषाकारांनी निवडलेल्या संस्कृत शब्दाच्या बाबतीत नेमके उलट घडले आहे. गिलायू हे मूळचे एका रोगाचे नाव. ते उचलून अवयवाला देण्यात आले. ही अदलाबदल वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु या अवयवात उद्भवणाऱ्या अर्बुदांचा, विशेषतः त्यांतील दुर्मिळ प्रकारांचा इतिहास पाहू लागले म्हणजे असे दिसते की, रोगाला कोणते नाव मिळाले यावर त्याचा उपचार ठरत गेला, आणि चुकीच्या नावाची किंमत रोग्याला मोजावी लागली. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही टप्प्यांचा विचार करावयाचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली आहे. ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशी त्यांची अधिष्ठाने आहेत. कंठातील सतरा रोगांत गिलायूचा समावेश होतो. आवळ्याच्या आठळीएवढी, स्थिर, थोडीशी दुखणारी गाठ गळ्यात उत्पन्न होते, अन्न अडकून राहिल्यासारखे वाटते, आणि ती शस्त्राने साध्य असते, असे तिचे वर्णन आहे. टाळूच्या नऊ रोगांत 'तुंडिकेरी' येते. कपाशीच्या बोंडाशी असलेल्या साम्यावरून तिला हे नाव मिळाले. वाग्भटाने मात्र तीच तुंडिकेरी टाळूतून काढून कंठरोगांत घातली. आधुनिक भाष्यकार तुंडिकेरी म्हणजे टॉन्सिलचा दाह असे समीकरण मांडतात. ते बहुधा बरोबर असावे. पण गिलायूच्या वर्णनाकडे लक्ष दिले तर ती सुजलेली, दुखरी, दोन्ही बाजूंची विकृती नव्हे हे उघड आहे. एकच गाठ, ती कठीण, वेदना अल्प आणि गिळताना अडथळा, ही लक्षणे आजचा कोणताही कंठतज्ज्ञ ऐकेल तर त्याच्या मनात प्रथम दाहाचा विचार येणार नाही. गिलायू म्हणजे अर्बुदच, असे म्हणण्याचे धाडस अर्थातच करता येत नाही. सुश्रुताने अर्बुदांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. आणि टाळूच्या रोगांतील 'अर्बुद' हा असाध्य म्हणून वेगळा काढलेला आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे निरोगी टॉन्सिलला या परंपरेत स्वतंत्र नाव आढळत नाही. जे सुजले, वाढले, कठीण झाले तेच नजरेत भरले आणि त्यालाच नाव मिळाले. दुसरी गोष्ट अशी की, नावाबरोबर साध्यासाध्यतेचा निर्णयही जोडलेला होता. गिलायू म्हटले की शस्त्र. टाळूचे अर्बुद म्हटले की वैद्याने हात आखडता घ्यावयाचा. शस्त्रकर्माच्या मर्यादेविषयीही सुश्रुत दक्ष आहे. वाढलेली पडजीभ कापताना ती समूळ कापू नये, फार कापल्यास रक्तस्राव होऊन रोगी दगावतो, ही त्याची सूचना अनुभवातून आलेली आहे यात संशय नाही. तुंडिकेरी इत्यादींसही थोड्या फरकाने तोच विधी सांगितलेला आहे.

ग्रीक व लॅटिन परंपरेत अवयवाला नाव होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील सेल्सस 'तोन्सिले' हा शब्द अवयवासाठी वापरतो आणि दाहानंतर जे कठीण होऊन बसतात त्यांना ग्रीक लोक निराळे नाव देतात हेही नमूद करतो. असे कठीण टॉन्सिल पातळ आवरणाखाली असल्यामुळे बोटाने भोवती खरवडून उपटून काढावेत, तसे न जमल्यास आकड्याने धरून कापावेत, असा त्याचा सल्ला आहे. परंतु कठीणपणा दाहामुळे आला की अन्य कशामुळे, हा प्रश्न त्याच्यापुढे नाही. पुढे सुमारे अठरा शतके तो कोणापुढेच फारसा नव्हता. टॉन्सिल वाढला तर कापावा, एवढाच विचार होता. 1828 मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक याने या कामासाठी खास यंत्र प्रचारात आणले, तेव्हाही कापलेला तुकडा तपासून पाहण्याची रीत नव्हती. तपासावयाचा तरी कशाने? सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहून रोगाचे नाव ठरविण्याची विद्या त्यानंतर जन्माला आली.

1869 मध्ये बोस्टन येथील शल्यविशारद डेव्हिड चीव्हर याने टॉन्सिलचा कर्करोग मानेतून, बाहेरच्या बाजूने छेद घेऊन काढल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. तोंडावाटे जेथे हात पोचत नाही तेथे बाहेरून पोचण्याचा हा मार्ग पुढे अनेकांनी चोखाळला. 1880 नंतरच्या दशकात योहान मिकुलिच याने खालच्या जबड्याच्या हाडाचा भाग काढून टॉन्सिलपर्यंत जाण्याची पद्धत बसविली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या विल्फ्रेड ट्रॉटर याने ग्रसनीच्या शस्त्रक्रियांना अधिक शिस्तबद्ध रूप दिले. या शस्त्रक्रियांचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. प्रतिजैविके नव्हती, रक्त देण्याची सुरक्षित सोय नव्हती, आणि एवढे सोसूनही रोग परत येत असे. शल्यविशारदांच्या कौशल्याविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, आपण नेमके काय कापतो आहोत हे त्यांना पुष्कळदा ठाऊक नव्हते.

निदानाची तत्कालीन स्थिती कशी होती याचे सर्वांत सुपरिचित उदाहरण अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचे आहे. 1884 च्या उन्हाळ्यात पीच खाताना त्यांच्या घशात तीव्र कळ आली. त्या वेळी भेटीस आलेल्या एका डॉक्टरने घसा पाहून नेहमीच्या वैद्याकडे जाण्याचा सल्ला दिला. पण ते वैद्य युरोपात होते आणि ग्रँट यांनी ऑक्टोबरपर्यंत काहीच केले नाही. 22 ऑक्टोबर 1884 रोजी कंठतज्ज्ञ जॉन हॅनकॉक डग्लस यांनी तपासले तेव्हा उजव्या बाजूस जिभेच्या मुळाशी व टॉन्सिलच्या परिसरात विकृती होती आणि जबड्याखालची ग्रंथीही वाढलेली होती. हा कर्करोग आहे काय, असे ग्रँट यांनी सरळ विचारले. डग्लस यांनी तो शब्द टाळला. विकार 'एपिथेलियल' स्वरूपाचा आहे आणि असा विकार क्वचित बराही होतो, असे उत्तर त्यांनी दिले. भाषेच्या अभ्यासकाला हे उत्तर विशेष उद्बोधक वाटेल. विकृतिविज्ञानातील एक तांत्रिक विशेषण येथे रोग्याच्या सांत्वनासाठी वापरले गेले, आणि तरीही ते असत्य नव्हते. पुढे ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला आणि निदान पक्के झाले. तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळली होती. जबडा दुभंगून जीभ व टाळू यांचा मोठा भाग काढावा लागला असता, आणि त्यातूनही काही साधेल अशी आशा वैद्यांना नव्हती. स्थानिक संवेदनाहारक म्हणून कोकेनचा शोध त्याच 1884 साली लागला होता. त्याचे द्रावण घशाला लावणे एवढेच उपचारकांच्या हाती राहिले. आत्मचरित्राचे हस्तलिखित संपवून ग्रँट 23 जुलै 1885 रोजी निवर्तले.

ग्रँट यांचा रोग टॉन्सिल-परिसरातील नेहमीच्या प्रकारचा, म्हणजे शल्कपेशींच्या अस्तरातून निघणारा कर्करोग होता. तेथे तुकड्याच्या तपासणीने सत्य सांगितले, पण उशिरा सांगितले. तुकडा फसवूही शकतो हे दोनच वर्षांनी जर्मनीत दिसले. युवराज फ्रीडरिश यांच्या स्वरयंत्रातील वाढीचे तुकडे 1887 मध्ये मॉरेल मॅकेन्झी यांनी काढले आणि ते साक्षात रुडॉल्फ फिर्खो यांनी तपासले. त्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. मार्च 1888 मध्ये सम्राट झालेले फ्रीडरिश नव्व्याण्णव दिवस राज्य करून 15 जूनला कर्करोगानेच मरण पावले. जे तुकड्यात नव्हते ते घशात होते. जीवोतक परीक्षेच्या इतिहासात या दोन्ही प्रकरणांचे स्थान मोठे आहे. परंतु दोन्हींत प्रश्न 'कर्करोग आहे की नाही' एवढाच होता. 'कोणता कर्करोग' हा प्रश्न यायचा होता, आणि टॉन्सिलच्या बाबतीत तोच अधिक अवघड ठरणार होता.

अवघड ठरण्याचे कारण अवयवाच्या रचनेत आहे. 1884 मध्ये वाल्डायर यांनी दाखवून दिले की, नाक-घशाच्या प्रवेशद्वाराभोवती लसीका-ऊतकाचे एक कडे आहे आणि टॉन्सिल हा त्या कड्याचा भाग आहे. म्हणजे येथे दोन अगदी भिन्न कुळांच्या पेशी एकमेकींत मिसळून राहतात. पृष्ठभागावर अस्तराच्या पेशी आणि आत लसीकापेशी. टॉन्सिलमध्ये हे अस्तर खोल चिरांतून आत शिरते आणि चिरांच्या तळाशी तर ते इतके विरळ, जाळीदार होते की, अस्तर कोठे संपले आणि लसीका-ऊतक कोठे सुरू झाले हे सांगणे कठीण. दोन भाषांच्या सीमेवर जशी मिश्र बोली आढळते तसाच हा प्रकार. तेथे उद्भवलेले अर्बुद कोणत्या कुळातले, अस्तराचे म्हणजे कार्सिनोमा, की लसीकापेशींचे म्हणजे त्या काळच्या भाषेत 'लिम्फोसार्कोमा', हे नुसत्या डोळ्यांनी ठरविणे पुष्कळदा अशक्य होते.

1921 साली या संदिग्धतेलाच नाव मिळाले. पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लॉडियस रेगो यांनी रेव्हेर्शों यांच्यासह जबड्यापासून चेहऱ्यावर व मानेच्या ग्रंथींपर्यंत पसरलेल्या एका कर्करोगाचे वर्णन केले. तो रेडियमच्या उपचाराने बरा झाला होता. त्याच वर्षी जर्मनीत अलेक्झांडर श्मिंके यांनी स्वतंत्रपणे 'लिम्फो-एपिथेलियल' अर्बुदांवर निबंध लिहिला. दोघांनाही जे दिसले ते असे : मोठ्या, फिकट केंद्राच्या अस्तर-पेशी आणि त्यांच्यात मिसळलेल्या असंख्य लसीकापेशी. रेगो यांच्या रोग्यात अस्तर-पेशींचे पुंजके स्पष्ट वेगळे दिसत. श्मिंके यांच्या रोग्यांत त्या एकेकट्या विखुरलेल्या, लसीकापेशींच्या गर्दीत हरवलेल्या. पुढे ग्रंथकारांनी या दोन रूपांना त्या दोघांची नावे दिली. 'लिम्फोएपिथेलिओमा' हा संयुक्त शब्द अशा रीतीने रूढ झाला. हा समास द्वंद्व आहे की तत्पुरुष, हा प्रश्न येथे व्याकरणाचा राहत नाही. लसीकापेशी आणि अस्तर-पेशी या दोन्ही मारक आहेत, असा द्वंद्वाचा अर्थ घेतला तर अर्बुद दुहेरी ठरते. अस्तर-पेशी मारक आणि लसीकापेशी नुसत्या सोबतीला, असा अर्थ घेतला तर तो साधा कार्सिनोमाच, वेषांतर केलेला. विकृतिविज्ञ या प्रश्नावर कित्येक दशके भांडत राहिले.

या वादात न अडकता उपचारकांनी एक गोष्ट हेरली. ही अर्बुदे किरणांपुढे झपाट्याने वितळत. 1927 मध्ये न्यूयॉर्क येथे डग्लस क्विक व मॅक्स कटलर यांनी तोंड-घशातील अशाच एका किरण-संवेदी प्रकाराला 'ट्रान्झिशनल-सेल' कार्सिनोमा म्हणून वेगळे काढले. 1929 मध्ये जेम्स यूइंग यांनी 'लिम्फोएपिथेलिओमा' या शीर्षकाचाच निबंध लिहिला. म्हणजे एकाच वस्तूला, किंवा फार जवळच्या दोन वस्तूंना, अटलांटिकच्या दोन तीरांवर निरनिराळी नावे होती. परंतु दोन्ही नावांचा व्यवहारातील अर्थ एकच होता : येथे सुरी खाली ठेवावी. ज्याला 'कर्करोग' म्हणून जबडा गमवावा लागला असता, त्याला हे नाव मिळाल्यास तो जबड्यासह वाचण्याची आशा होती.

किरणोपचाराचे शास्त्रही याच वर्तुळात घडले. एकाच मोठ्या मात्रेने दिलेले किरण त्वचा जाळतात. तीच मात्रा विभागून अनेक दिवस दिली तर त्वचा वाचते आणि भराभर विभागणाऱ्या पेशी मात्र नष्ट होतात, हे रेगो यांनी जनावरांच्या वृषणांवरील प्रयोगांनी दाखविले होते. त्यांचे सहकारी आन्री कुतार यांनी हे तत्त्व घशाच्या कर्करोगावर चालविले. रोज थोडे, आठवडेच्या आठवडे. रोग्याच्या घशातील आवरण कोणत्या दिवशी सोलवटते आणि कोणत्या दिवशी भरून येते याच्या त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या, आणि 1920 ते 1926 या काळात टॉन्सिल-परिसर, अधोग्रसनी व स्वरयंत्र यांच्या कर्करोगांवर केलेल्या क्ष-किरण उपचारांचा अहवाल 1932 मध्ये अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या संस्थेतील एलिस बेर्व्हेन यांचा टॉन्सिलच्या मारक अर्बुदांवरील, किरणोपचाराचा विशेष विचार करणारा प्रबंध 1931 चा आहे. चीव्हरपासून बेर्व्हेनपर्यंत जेमतेम साठ-बासष्ट वर्षांचे अंतर. पण मधल्या काळात या रोगाचा उपचार शल्यगृहातून किरणगृहात गेला होता.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयामुळे. 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. मुंबईतील मुखकर्काच्या लागोपाठ एक हजार रोग्यांचा त्यांनी घेतलेला आढावा 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. 1955 मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध मांडला; त्यातील महत्त्वाचा भाग असा की, तोंड, घसा इत्यादी स्थाने त्यांनी एकत्र न मोजता वेगवेगळी मोजली आणि सवयीप्रमाणे रोगाचे स्थान बदलते हे दाखविले. जागेचे नाव काटेकोर घेतल्याशिवाय हा निष्कर्ष निघालाच नसता. 1963 मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदवही सुरू झाली, तेव्हापासून अशी स्थाननिहाय नोंद हा नित्याचा व्यवहार झाला. 'कर्करोग' हा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे. तो खेकड्यावरून आलेल्या ग्रीक नावाचा अनुवाद आहे. सुश्रुताच्या 'अर्बुद' शब्दात खेकडा नाही. पण एकावर दुसरे उठणारे ते 'अध्यर्बुद' आणि जोडीने उठणारे ते 'द्विरर्बुद', असा रोगाच्या वागणुकीचा विचार त्याच्या परिवारात आहे.

लसीकापेशींच्या अर्बुदांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. टॉन्सिलच्या मारक अर्बुदांत शल्कपेशींच्या कर्करोगानंतर त्यांचाच क्रमांक लागतो. बाकीची सर्व, म्हणजे लहान लाळग्रंथींतून निघणारी, प्लाझ्मापेशींची, रंगपेशींची आणि दूरच्या अवयवातून येऊन रुजलेली, फार विरळ. 1832 मध्ये टॉमस हॉजकिन यांनी लसीकाग्रंथींच्या एका रोगाचे वर्णन केले आणि 1865 मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी त्याला हॉजकिन यांचे नाव दिले. त्याखेरीजच्या सर्व लसीका-अर्बुदांसाठी प्रथम 'लिम्फोसार्कोमा' हा एकच शब्द होता. नंतर मोठ्या पेशींचा प्रकार वेगळा काढून त्यास 'रेटिक्युलम-पेशी सार्कोमा' म्हणू लागले. या पेशी लसीका-ऊतकाला आधार देणाऱ्या जाळ्याच्या आहेत, अशी समजूत त्यामागे होती. 1966 मध्ये हेन्री रॅपापोर्ट यांच्या वर्गीकरणात त्याच प्रकाराला 'हिस्टिओसायटिक लिम्फोमा' हे नाव आले. म्हणजे आता त्या पेशी भक्षक कुळातील मानल्या गेल्या. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. 1970 नंतरच्या दशकात लसीकापेशींचे बी आणि टी असे वंश ओळखता येऊ लागले, तेव्हा या मोठ्या पेशी बहुतेक वेळा बी-लसीकापेशीच आहेत असे सिद्ध झाले. 1974 मध्ये ल्यूक्स व कॉलिन्स यांनी अमेरिकेत आणि कील येथील गटाने जर्मनीत नवी वर्गीकरणे मांडली. त्यांच्या भांडणात सामान्य वैद्याची जी तारांबळ उडाली ती 1994 चे संयुक्त वर्गीकरण व 2001 चे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण येईपर्यंत संपली नाही. एका रोग्याच्या टॉन्सिलमधील तोच तुकडा 1930 मध्ये, 1966 मध्ये आणि 2001 मध्ये तीन वेगळी नावे घेऊन आला असता.

उपचाराच्या दृष्टीने हा नामभेद निरुपद्रवी नव्हता. कार्सिनोमा समजून लिम्फोमाच्या रोग्याची मान व जबडा कापणे हा अनर्थ होय, कारण लिम्फोमा हा एका जागेचा रोग क्वचितच असतो आणि तो औषधांना वश होतो. 1970 नंतर चार औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला, आणि पुढे बी-पेशींवरील खुणेला चिकटणाऱ्या रिटक्सिमॅब या प्रतिपिंडाची त्यात भर पडली. टॉन्सिल काढणे हे येथे निदानापुरतेच राहिले. उलट दिशेची चूकही तितकीच घातक. श्मिंके यांच्या पद्धतीचा विखुरलेला कार्सिनोमा लिम्फोमा समजून केवळ औषधांवर ठेवला तर हाताशी असलेली बरे होण्याची संधी निसटते.

ही कोंडी फुटली ती एका रंगाने. 1941 मध्ये आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला प्रकाशमान द्रव्य जोडून ऊतकातील पदार्थ शोधण्याची युक्ती काढली होती; 1975 मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारे शुद्ध प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधली. 1980 नंतर विकृतिविज्ञाच्या टेबलावर दोन साध्या कसोट्या आल्या. अस्तर-पेशींत केराटिन असते; लसीकापेशींच्या पृष्ठावर पांढऱ्या पेशींची सामायिक खूण असते. लिम्फोएपिथेलिओमाच्या मोठ्या पेशींनी केराटिनचा रंग घेतला आणि साठ वर्षांचा वाद मिटला. समास तत्पुरुष ठरला. लसीकापेशी मारक नव्हत्या. त्या अर्बुदावर चालून आलेल्या किंवा त्याने बोलावून घेतलेल्या निरोगी पेशी होत्या.

याच कसोट्यांतून एक अनपेक्षित गोष्ट घडली. काही अर्बुदे दोन्ही रंग नाकारू लागली. केराटिन नाही, लसीकापेशींची खूण नाही; आकार लांबट, मांडणी भोवऱ्यासारखी किंवा चटईच्या विणीसारखी. 1986 मध्ये मोंडा, वॉर्न्के व रोझाय यांनी लसीकाग्रंथींतील अशा चार अर्बुदांचे वर्णन केले. त्यांच्या पेशी लसीका-पुटकांत जाळे विणून बी-पेशींना आधार देणाऱ्या आणि त्यांच्यापुढे परकी द्रव्ये धरून ठेवणाऱ्या पेशींशी जुळत होत्या. आज त्यास 'फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक पेशींचा सार्कोमा' म्हणतात. पण मूळ निबंधात त्या पेशींना 'डेन्ड्रिटिक रेटिक्युलम-पेशी' असे म्हटलेले आहे. जे 'रेटिक्युलम' नाव अर्धशतक चुकीच्या अर्बुदांना दिले गेले आणि अखेर टाकून देण्यात आले, ते शेवटी खऱ्या मालकाच्या दारी येऊन पोचले! लसीकाग्रंथींबाहेर हे अर्बुद जेथे आढळते अशा जागांत टॉन्सिलचा समावेश होतो. ते ओळखावयाचे तर मुद्दाम त्याच्या खुणा शोधाव्या लागतात. सीडी21, सीडी23 व सीडी35 या त्यांपैकी मुख्य. विकृतिविज्ञाला शंका आली नाही तर तो त्या मागवीत नाही, आणि मग अहवालात 'अविभेदित कार्सिनोमा' असे लिहिले जाते. हा भेद उपचारात उतरतो. येथे अर्बुद निर्मळ कडांसह पूर्ण काढून टाकणे हाच मुख्य मार्ग आहे. किरणोपचार बहुधा त्यानंतर, आणि औषधांचा भरवसा थोडा. रेगो यांच्या अर्बुदाने सुरी खाली ठेवावयास लावली होती, याने ती पुन्हा हाती घ्यावयास लावली.

टॉन्सिलचे अर्बुद वाटावे पण टॉन्सिलचे असू नये, असाही एक वर्ग आहे. गालगुंडात जी सुजते त्या कानाजवळच्या लाळग्रंथीचा खोल भाग घशाच्या भिंतीमागे असतो. तेथील अर्बुद टॉन्सिलला आतून पुढे ढकलते. पृष्ठभाग गुळगुळीत, वेदना नाही. त्याला गळू समजून तोंडावाटे छेद देण्याचे प्रसंग घडले आहेत, आणि क्वचित तो फुगवटा मोठ्या धमनीचाच निघाला आहे. मग छेदाचा परिणाम काय होत असेल याची कल्पना करता येते. 1927 मध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या धमन्यांचे चित्रण साध्य केले आणि ऑक्टोबर 1971 मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याचे संगणकीय छेदचित्र घेतले. तेव्हापासून घशाच्या भिंतीमागे काय आहे हे कापण्यापूर्वी कळू लागले. तत्पूर्वी बोटाने चाचपणे हाच आधार होता, आणि तो आजही सोडू नये असे जाणते शिक्षक सांगतात.

लिम्फोएपिथेलिओमाचे पुढे काय झाले? नाकामागच्या घशातील याच रूपाच्या कर्करोगाचा एपस्टाइन-बार विषाणूशी संबंध 1966 पासून रक्तातील प्रतिपिंडांवरून आणि 1970 मध्ये हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाच्या कामामुळे अर्बुदातील विषाणूच्या जनुकद्रव्यावरून दिसून आला. टॉन्सिलमधील तेच रूप तसेच असेल, असे साहजिकच गृहीत धरले गेले. परंतु तपासणीअंती तेथे पुष्कळदा निराळाच विषाणू निघाला : गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा मानवी पॅपिलोमा विषाणू, बहुधा सोळावा प्रकार. चेहरा एक आणि गोत्र दोन. 2000 साली मॉरा गिलिसन व सहकाऱ्यांनी या विषाणूचे टॉन्सिल-परिसरातील कर्करोगाशी विशेष नाते दाखविले. बेर्व्हेन यांच्याच स्टॉकहोममध्ये जुने जतन केलेले तुकडे पुन्हा तपासण्यात आले, तेव्हा टॉन्सिलच्या कर्करोगांतील विषाणुजन्य रोग्यांचे प्रमाण 1970 नंतरच्या दशकात 23 टक्के आणि 2006-07 मध्ये 93 टक्के आढळले. स्वीडनमध्ये जे एकेकाळी अपवाद होते ते तेथे नियम झाले. 'दुर्मिळ' हे विशेषण देश आणि काळ सांगितल्याशिवाय वापरता येत नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण नाही. भारतात तंबाखूचे वर्चस्व असल्यामुळे हे प्रमाण पुष्कळच कमी आहे.

विषाणुजन्य कर्करोगाचा रोगी अधिक जगतो असे दिसल्यावर आंतरराष्ट्रीय टप्पे-पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत त्याला वेगळे स्थान मिळाले. मानेत पसरलेला जो रोग पूर्वी 'चौथ्या टप्प्याचा' म्हणत तो आता अनेकदा पहिल्या टप्प्याचा म्हणवला जातो. शरीरात काही बदलले नाही, नाव बदलले. नाव सौम्य झाल्यावर उपचारही सौम्य करावा असा मोह होणे स्वाभाविक होते, आणि सिस्प्लॅटिन या जुन्या, त्रासदायक औषधाऐवजी सेटुक्सिमॅब देऊन पाहण्यात आले. 2018 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत सेटुक्सिमॅब घेणाऱ्यांचे आयुष्य कमी भरले. शिवाय हे नाव ज्या कसोटीवर दिले जाते ती पी16 या प्रथिनाची कसोटी विषाणूला प्रत्यक्ष पाहत नाही. त्याच्या परिणामाला पाहते. विषाणू नसताना पी16 आढळणारे रोगी आहेत, आणि त्यांचा रोग सौम्य नावाला साजेसा वागत नाही, हे अनेक देशांतील रोग्यांच्या 2023 मधील एकत्रित अभ्यासात दिसून आले. जेथे विषाणुजन्य रोग विरळ तेथे अशा विसंगतीचे प्रमाण अधिक. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत पी16 चा रंग उमटल्यावर विषाणूच्या जनुकद्रव्याची दुसरी परीक्षा मागविण्याचे कारण हेच आहे.